हवामान बदल, कोकणातली नवी ‘हरित’ कामं आणि कामगार संघटना

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतोय. लांबलंय, पण वाचा.

हवामान बदलावर आपल्याकडे बोलतात ते पर्यावरणवाले, नाहीतर सरकारी अधिकारी. वादळ, ऊन आणि पूर ज्यांच्या अंगावरून जातात ते खलाशी, बागेतले गडी, एसटीचे चालक, कंत्राटी वायरमन यांच्या संघटना त्यात कुठेच दिसत नाहीत. पुढच्या दहा-वीस वर्षांत कोकणात सौरऊर्जेची, विजेवरच्या वाहनांची, कांदळवनाची कामं वाढणार आहेत. ती कुणाच्या अटींवर वाढतील हे आत्ता ठरतंय, आणि जिथे ठरतंय तिथे कामगारांना बोलावलेलंच नाही.

विजेच्या बसगाड्यांचंच बघा. एसटीने ५,१५० विजेच्या गाड्या घ्यायचं ठरवलं ते भाडेतत्त्वावर. गाडी कंपनीची, चालकही कंपनीचा, फक्त वाहक महामंडळाचा. मुंबईत बेस्टने हीच वाट आधी धरली. बेस्टची नोकरी म्हणजे कोकणातल्या घराघरांत महिन्याला येणारी मनीऑर्डर होती. विजेची बस आली आणि तिच्यासोबत ‘वेट लीज’ आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या कंत्राटी चालकांनी संप केला, मागण्या पगारवाढीच्या आणि सवलतींच्या. काम तेच, रस्ता तोच, पगार वेगळा. विजेची बस मला हवीच आहे. घाटात धूर सोडत चढणाऱ्या गाडीमागे ज्याने दुचाकी चालवलीय त्याला ती का हवी हे सांगायला नको. पण धूर घालवण्यासाठी कायम नोकरीही घालवलीच पाहिजे, हे कुणी ठरवलं? डेपोत डिझेल पंप आणि इंजेक्टर खोलण्यात ज्यांची हयात गेली, त्या मेकॅनिकना बॅटरीचं शिक्षण कोण देणार? २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात एसटी राज्य सरकारमध्ये विलीन करण्याची मागणी गावोगाव पोचली, ती योग्यच होती. गाड्या बदलताना माणसांचं काय, हा प्रश्न मात्र तेव्हा कुणाच्या फलकावर दिसला नाही.

आता दुसरी बाजू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. भरपाई आधी हेक्टरी जाहीर झाली, मग ओरड झाल्यावर झाडागणिक. ती कमी होती, यावर इथे दुमत नसावं. पण ती मिळाली बागायतदाराला. त्या वाडीत चढणारा पाडेली आठवा. पायात दोरीचा फास, कमरेला कोयती, एका पोफळीवरून खाली न उतरता झोका घेऊन दुसरीवर जाणारा. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं त्याचं काम गेलं. पंचनाम्यात झाडं मोजली गेली, झाडावर चढणारा कुठल्याच रकान्यात नव्हता. त्याची संघटना असती तर रकाना तरी मागितला असता.

जगात युनियनांनी हे हाताळलंय. अमेरिकेत तेल आणि रसायन कामगारांच्या युनियनचे नेते टोनी मझोकी यांनी १९९० च्या दशकात मागणी केली, की विषारी धंदे बंद करा, पण तिथल्या कामगाराला शिक्षणाचा आणि संसाराचा खर्च द्या. तिथून ‘न्याय्य संक्रमण’ ही कल्पना वाढत २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेपर्यंत पोचली. स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार आणि खाण कामगारांच्या युनियनांमध्ये करार झाला: बहुतेक कोळसा खाणी बंद होणार, आणि त्याबदल्यात वयस्क कामगारांना लवकर निवृत्तिवेतन, बाकीच्यांना नवं प्रशिक्षण, खाणीच्या परिसराची दुरुस्ती. त्यासाठी सुमारे २५ कोटी युरो. करार आधी झाला, कुलपं नंतर लागली. मला त्यातला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

कोकणात असा क्रम लावायचा तर सुरुवात कुठून करायची? ज्यांना आतून माहिती आहे त्यांनी लिहा.

हर्णैचा_तांडेल

वाशिष्ठीकाठ, चांगला विषय. बंदरावरचं सांगतो.

पूर्वी पावसाळी बंदी सोडली तर हंगाम सलग मिळायचा. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही समुद्र खवळतो. २०१९ ला क्यार आणि महा पाठोपाठ आली, २०२१ ला मे महिन्यात तौक्ते. इशारा आला की बोटी जयगड, दिघी, देवगडच्या आसऱ्याला. इशारा मिळतो हे उत्तमच, माणसं वाचतात. पण बोट नांगरून पडली की काय होतं ते ऐका. बर्फ वितळतो, भरलेलं डिझेल आणि रेशन संपत जातं, आणि खलाशी बोटीवरच. तो नेपाळचा, उत्तर प्रदेशचा, कर्नाटकातला. हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत घरी जाता येत नाही. फेरी नाही म्हणजे मासळी नाही, मासळी नाही म्हणजे त्याचा वाटाही नाही. वादळाचा दिवस कुणाच्या खात्यावर मांडायचा याचा नियम कुठेच नाही.

आणि मालक म्हणजे शेठ, असं समजू नका. माझ्यासारख्या एका बोटीच्या मालकावर बँकेचा हप्ता असतो, डिझेलचा परतावा महिनोन् महिने अडकतो. सगळा बोजा माझ्यावर टाकलात तर मी बोट विकेन आणि खलाश्याचं कामच जाईल. मत्स्यसंपदा योजनेतून अपघाती विमा आहे, मृत्यू झाला तर पाच लाख. म्हणजे मेल्यावरची सोय झाली. जिवंत राहून रिकाम्या बसलेल्या दिवसांची नाही.

रोखठोक_रत्नागिरी

स्पष्ट लिहितो. युनियनने मुंबईच्या गिरण्यांचं काय केलं ते आपल्या आजोबांना विचारा. कोकणात आधीच उद्योग नाहीत. जो येतो त्याला विरोध. नाणारची रिफायनरी झाली, बारसूची झाली. आता सौरऊर्जेवाला ठेकेदार चार पोरांना काम देतोय तर त्याच्या दारात झेंडा रोवायचा? पोरं पुन्हा मुंबईला जातील. आधी काम येऊ द्या, हक्काचं नंतर बघू.

चाकरमान्याची_लेक

रोखठोक, माझे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर होते, गाव संगमेश्वर तालुक्यात. म्हणून मला विचारायची गरज नाही, मी ते घरात बघितलंय.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. पण गिरण्या संपामुळेच बंद पडल्या हे अर्धंच झालं. यंत्रं जुनी झाली होती, नफा दुसरीकडे वळत होता, कापड यंत्रमागांकडे चाललं होतं. आणि १९४६ च्या कायद्यामुळे एकाच युनियनला मान्यता होती, कामगारांचा तिच्यावर विश्वास असो वा नसो. ज्यांना कामगार आपले मानत होते त्यांच्याशी वाटाघाटी करायला सरकार तयार नव्हतं.

पुढचं जास्त महत्त्वाचं. धंदा बदलणार हे मालकांना दिसत होतं, सरकारला दिसत होतं. कामगाराला नवं काम शिकवण्याची योजना कुणी केली? १९९१ मध्ये जमीन विकायचा नियम आला, २००१ मध्ये तो मालकांच्या सोयीने वाकवला. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची मोठी सोडत निघाली २०१२ साली. तीस वर्षांनी! तोवर किती जण गावी येऊन, आंब्याच्या पेट्या भरून, दारू पिऊन, किंवा नुसते ओटीवर बसून गेले. ‘हक्काचं नंतर बघू’ म्हणजे हेच. माझ्या वडिलांचं ‘नंतर’ आलंच नाही.

म्हणून वाशिष्ठीकाठ यांचा क्रमाचा मुद्दा मला पूर्ण पटतो. बदल चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न. तो येतोय हे माहीत असताना कामगाराला शेवटी कळवणं हा अन्याय आहे.

पॅनलवाला_कुडाळ

मी तोच ‘चार पोरांमधला’ एक. आयटीआय इलेक्ट्रिशियन, नंतर सूर्यमित्र हा सौर पॅनल बसवण्याचा कोर्स केला. २०२४ मध्ये घराच्या छपरावरच्या सौर पॅनलसाठी सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजारांचं अनुदान, तेव्हापासून काम भरपूर आहे. रोखठोकदादा, काम आहे हे मान्य. कसं आहे ते सांगतो.

पैसे किलोवॅटमागे मिळतात, दिवसाप्रमाणे नाही. म्हणजे घाई. आपल्याकडची छपरं कौलांची किंवा पत्र्याची, उतरती. पाऊस संपला तरी शेवाळ महिनाभर राहतं. चप्पल काढून अनवाणी चढतो कारण बुटाने कौल फुटतं आणि फुटलं की त्याचे पैसे आमच्याकडून. सेफ्टी बेल्ट ठेकेदाराच्या गाडीत असतो, फोटो काढण्यापुरता. बेल्ट अडकवायचा कुठे, हाही प्रश्नच, जुन्या वाशाला अडकवला तर वासा घेऊन खाली येऊ.

लोकांना दुसरी एक गोष्ट माहीत नसते. उजेड आहे तोवर पॅनलच्या वायरीत वीज असतेच. मेन स्विच बंद केला तरी पॅनलकडची बाजू जिवंत राहते. घरच्या विजेसारखा हा प्रवाह नसतो, ठिणगी पेटली की सहज विझत नाही. हे शिकवलेलं माणूस आणि न शिकवलेलं माणूस एकाच दरात कामाला लावतात.

खाऱ्या हवेचं वेगळंच. समुद्राजवळच्या गावात हलक्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचं स्ट्रक्चर दोन पावसाळ्यांत जोडावर गंजायला लागतं. चांगला माल वापरा म्हणून सांगितलं तर मला पुढच्या कामाला बोलावलं नाही. पुढचं वादळ आलं की ती पॅनलं शेजाऱ्याच्या अंगणात जाणार. कामगाराला बोलायची मुभा असणं हा फक्त आमच्या पोटाचा प्रश्न नाही, घरमालकाच्या डोक्यावरच्या छपराचा पण आहे.

देवगडी_बागवान

पॅनलवाला, तुझा शेवटचा परिच्छेद प्रत्येक सरपंचाने वाचावा असा आहे.

मी बागायतदार. फेब्रुवारी-मार्चमध्ये आताशा ज्या उन्हाच्या लाटा येतात त्या पूर्वी एप्रिलच्या शेवटीही येत नसत. फेब्रुवारी २०२३ मध्ये हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, फेब्रुवारीत! किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, असा त्यांचा निकष. पण दमटपणा त्यात येत नाही, आणि आमच्याकडे माणसाला मारतो तो दमटपणा.

मोहोर पुढे-मागे होतो, थ्रिप्स (फुलकिडे) वाढलेत, म्हणून फवारण्या वाढल्यात. फवारणारा गडी झाडाच्या शेंड्यावर, तोंडाला रुमाल. मास्क दिला तर पाच मिनिटांत काढतो, कारण त्यात श्वास कोंडतो. मी पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर अशी वेळ ठेवली आहे. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढणीही तशीच. काम कमी होतं, मजुरी मी पूर्ण देतो. शेजारचा देत नाही, त्यामुळे त्याचा आंबा माझ्यापेक्षा स्वस्तात पडतो. एकट्याने चांगलं वागणाऱ्याला बाजार शिक्षा करतो. सगळ्यांना एकच नियम लागला तर मला आनंद आहे, म्हणून बागायतदार असूनही मी मजुरांच्या संघटनेच्या बाजूने आहे. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे, ठरलेलं तापमान ओलांडलं की मला पैसे मिळतात. त्याच उन्हात उभ्या असलेल्या नेपाळी गड्याला का मिळू नयेत?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

बागवानकाका, असा विमा आपल्या शेजारीच झालाय. गुजरातेत ‘सेवा’ ही असंघटित बायकांची युनियन, १९७२ मध्ये इला भट्ट यांनी उभारलेली. त्यांनी २०२३ पासून आपल्या सभासदांसाठी उन्हाचा विमा सुरू केला. तापमान ठरावीक अंशाच्या वर गेलं की दावा-पंचनाम्याशिवाय पैसे खात्यात. त्याच संघटनेने कच्छच्या छोट्या रणातल्या मिठागरांत डिझेल पंप काढून सौर पंप आणले. अगरिया कुटुंबांची कमाई डिझेलमध्ये जात होती, ती वाचली. युनियननेच हरित काम घडवलं, याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

रोखठोक, तुमच्या काळजीत तथ्य आहे. काम यायलाच हवं. पण विखुरलेल्या कामगारांसाठी महाराष्ट्राकडे स्वतःचं उत्तर १९६९ पासून आहे: माथाडी कायदा. हमाल एका मालकाचा नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने तो प्रश्न मंडळ काढून सोडवायला लावला. मंडळात कामगार, मालक आणि सरकार. कामगाराची नोंद मंडळाकडे. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपचार. १९८१ मध्ये सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. खलाश्याचं, पॅनल बसवणाऱ्याचं, पाडेल्याचं काम याच जातीचं आहे. मालक बदलतो, काम तेच. तांडेलदादा, वादळाच्या दिवसाची मजुरी अशा निधीतून गेली तर बोजा एकट्या बोटीवर पडणार नाही. लिलावात मासळी घेणारा व्यापारी आणि निर्यातदार यांच्याकडूनही लेव्ही घेता येईल. केरळात मच्छीमार कल्याण निधीचा कायदा १९८५ पासून आहे.

हर्णैचा_तांडेल

व्यापाऱ्याकडून घेणार असाल तर मी पहिली सही करतो. भाव तो ठरवतो, जोखीम आमची.

मालवणी_रापणकर

सगळा बरा लिवलास, पण एक गोष्ट. आमच्याकडे मच्छीमारांचे संघटना आसत, सोसायटे आसत, पर्ससीनच्या (मासळीक घेरणाऱ्या मोठ्या यांत्रिक जाळ्याच्या) विरोधात आम्ही रस्त्यावर इलेलो आणि २०१६ मध्ये सरकारान निर्बंध आणले. पण थंय खलाशी म्हणान कोणाक बोलवणत नाय. मालकांची संघटना आणि गड्यांची संघटना ह्यो दोन येगळ्यो गोष्टी. पयलो हो फरक मान्य करूक व्हयो. रापणीत (किनाऱ्यावरसून सगळ्यांनी मिळान ओढूच्या जाळ्यात) वाटो सगळ्यांचो आसता, तसा यांत्रिक बोटीर नाय.

गुहागरकर

कोळसा आणि गॅसवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दाभोळचा वीज प्रकल्प आमच्या तालुक्यात. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू, ७४० मेगावॅट. मे २००१ मध्ये बंद. कंपनी का बुडाली, करार कसा होता, यावर ढीगभर लिहिलं गेलंय. अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात त्या प्रकल्पावर अवलंबून कामाला लागलेल्यांवर एवढंसंही नाही. २००५ मध्ये नवी कंपनी झाली, मग यंत्रं पुन्हा फिरली. मधली वर्षं मोजली ती फक्त कर्जदारांनी.

आता खाडीपलीकडे जयगडला १,२०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे. डहाणूला ५०० मेगावॅट. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलंय, म्हणजे ही केंद्रं कधीतरी थांबणार हे कागदावर ठरलेलं आहे. तिथे कोळसा हाताळणारे, राख भरणारे, साफसफाईवाले बहुतेक ठेक्यावर. कायम कामगाराची बदली होईल, ठेक्यावरच्याला फक्त गेटपास परत मागतील. दहा वर्षं आधी बोलणी सुरू करायला युनियन हवी आणि ठेक्यावरचे तिचे सभासद हवेत. आपल्या बऱ्याच युनियनांनी कायम कामगारांपलीकडे पाहिलेलं नाही, हे त्यांनाही ऐकवलं पाहिजे.

उलट कोकण रेल्वे बघा. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर आला. डिझेल इंजिन चालवणारा घरी बसल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही, कारण तो कायम नोकरीत होता. एसटीचा चालक आणि रेल्वेचा चालक यांच्यात फरक एवढाच.

रोखठोक_रत्नागिरी

माथाडीसारख्या मंडळाला माझा विरोध नाही. पण नेपाळचा खलाशी सहा महिन्यांनी परत जातो, पाडेली प्रत्येक गावात दोन. यांची संघटना बांधणार कोण आणि कशी? व्यवहार बोला.

चाकरमान्याची_लेक

बांधली गेली आहे, आणि आपल्याच कोकणात. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. आंबेडकर पाठीशी आले. सहा वर्षांच्या आसपास चालला तो संप. जंगलातून लाकूडफाटा आणून, करवंदं विकून लोकांनी दिवस काढले. फोन नव्हता, रस्ता नव्हता. पाडेल्यांची यादी तर एका वॉट्सॅप ग्रुपवर होईल.

कायद्याचं_बोला

पॅनलवाला यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. नवं मंडळ होईल तेव्हा होईल, जुनं एक आत्ताच उघडं आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातली (नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितांत विलीन झाला) ‘बांधकामा’ची व्याख्या वाचा. त्यात वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरणाशी संबंधित उभारणीचं काम स्पष्ट लिहिलेलं आहे. छपरावर पॅनलचं स्ट्रक्चर उभारणारा त्यात बसतो, हे आग्रहाने मांडता येतं. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम. नोंदणी झाली की मुलांची शिष्यवृत्ती, उपचार, अपघाताची मदत. हा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो.

एकट्याने गेलात तर ‘सोलर आमच्यात येत नाही’ म्हणून परत पाठवतील. वीस जण एकत्र जा, व्याख्येची प्रत सोबत ठेवा, नकार दिला तर लेखी मागा.

पॅनलवाला_कुडाळ

ठेकेदार ९० दिवसांचा दाखला देणार नाही. दिला तर आम्ही त्याचे कामगार हे सिद्ध होतं ना.

कायद्याचं_बोला

ग्रामसेवकाचा दाखलाही चालतो. ज्या गावांत पॅनल बसवली तिथल्या घरमालकांकडून तारीख आणि सही घ्या, मोबाइलमधले कामाचे फोटो तारखेसकट जोडा. ग्रामसेवकाला नाही म्हणायला जागा कमी राहते.

पॅनलवाला_कुडाळ

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला मिळून ओळखीचे पंधरा-सोळा आहेत. रविवारी काम नसतं, तेव्हा भेटतो आणि घरमालकांच्या सह्या गोळा करायला लागतो. देवगड-मालवणकडचे कुणी हे काम करत असतील तर इथेच कळवा. वाशिष्ठीकाठदादा, चिपळूणची पोरं?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

चिपळूणचे चार जण ओळखीत आहेत, खेडचे दोन. त्यांना हा धागा पाठवलाय. व्याख्येची मराठी प्रत काढून उद्या इथे टाकतो.